रुळावरचा धोका आणि त्याची वाटणी

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास बहुधा डब्यात बसून लिहिला गेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तिला १४ डबे होते, ४०० निमंत्रित होते, २१ तोफांची सलामी झाली, हा तपशील शाळेतल्या मुलालाही पाठ असतो. त्या गाडीखालचे रूळ कोणी खांद्यावरून वाहिले, खडी कोणी फोडली, आणि गाडी निघून गेल्यावर रुळाची राखण करायला मागे कोण उरले, हे मात्र त्या तपशिलात येत नाही. प्रस्तुत लेखात मला रेल्वेकडे रुळाच्या बाजूने पाहायचे आहे. प्रश्न एवढाच आहे की, रेल्वेबरोबर जो नवा धोका या देशात आला तो कोणाच्या वाट्याला गेला, आणि तो त्यांच्याच वाट्याला का गेला?

हा प्रश्न विचारण्याचे कारण आहे. ज्या वर्षी ती पहिली गाडी धावली त्याच वर्षी लंडनमध्ये बसून कार्ल मार्क्स 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून' या पत्रात हिंदुस्थानविषयी लेख लिहीत होते. ऑगस्ट १८५३ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या लेखात असे भाकीत आहे की, रेल्वेच्या पाठोपाठ येणारे आधुनिक उद्योग येथल्या जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून टाकतील. हे भाकीत आपल्याकडच्या पुरोगामी मंडळींनी पुष्कळ वेळा उगाळले आहे. ते कितपत खरे ठरले हे तपासण्यासाठी रेल्वेचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात. एक डबा आणि दुसरा रूळ.

डब्यापुरते ते बऱ्याच अंशी खरे ठरले. तिसऱ्या वर्गाचे तिकीट जात पाहून दिले जात नसे. बाकावर शेजारी कोण येऊन बसेल यावर कोणाचाच ताबा राहिला नाही. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या खांद्याला खांदा लावून दोनशे मैल जावे लागे, आणि हे ज्यांना सोसवत नव्हते त्यांनाही अखेर गाडीत बसावेच लागले. पण ही मोकळीक डब्याच्या दारापर्यंतच होती. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांकडे गोरेगावला निघाले तेव्हा मसूर स्टेशनापर्यंतचा त्यांचा प्रवास सुखाचा झाला. स्टेशनमास्तरने मुलांची चौकशी केली, आणि ती महाराची आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले मिळेनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल स्वतः हाकून, मुलांना पुढचा रस्ता धरावा लागला. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. डबा संपला की फलाटावर गाव पुन्हा सुरू होत होते.

आता रुळाकडे वळू. मुंबईहून देशावर चढण्यासाठी बोरघाट फोडावा लागला. १८५६ साली सुरू झालेले ते काम १८६३ साली पुरे झाले. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर तेथे राबत होते. सुरुंगाने, दरडी कोसळून, कड्यावरून पडून आणि पटकीच्या साथीत किती माणसे गेली याचा नीट हिशोब ठेवला गेला नाही. इतिहासकारांचे अंदाज वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुरे करून घेतले, हे मात्र आपणांस नावानिशी ठाऊक आहे. एका कंत्राटदाराच्या मृत्यूची नोंद राहते आणि हजारो मजुरांच्या मृत्यूचा नुसता अंदाज राहतो. दगड-मातीचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे वडार, दुष्काळाने उठलेले भूमिहीन, गावकुसाबाहेरचे लोक, अशांची ती माणसे होती. थळघाट ओलांडून, भुसावळवरून, वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखातून जाणारी लाइन १८६७ साली नागपूरला पोचली. दहा वर्षांनी, १८७७ साली, येथे एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस, गिरणी आणि रेल्वे या तिघांनी मिळून आजचे नागपूर घडवले असे सांगतात. ते खरे आहे. त्यात एवढीच भर घालायची की लाइन घालून झाल्यावर तिच्यावर माणूस राबायचे थांबले नाही.

लाइन एकदा घातली की संपले असे होत नाही. रूळ हा रोज पाहावा लागतो. त्यासाठी काही मैलांच्या टप्प्याला एक टोळी असते. टोळीवर मेट, म्हणजे मुकादम. एक कीमन, जो रोज आपला टप्पा पायी चालत प्रत्येक चावी ठोकून पाहतो. आणि बाकीचे गँगमन. अलीकडे त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदलले तरी हातोडा तोच आहे. पावसाळ्यात भराव खचतो म्हणून रात्रीची गस्त. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी उन्हात रूळ तापून लांबतो आणि वाकतो, म्हणून भर दुपारची गस्त. थंडीत तोच रूळ आकसून तडकतो, म्हणून पहाटेची गस्त. ज्या वेळी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही नेमक्या त्याच वेळी गँगमनाने लाइनीवर असावे लागते, कारण त्याच वेळी रूळ दगा देतो. तडा दिसला की येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावायचे, ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर बसवायचे. चाकाखाली फटाका वाजला की ड्रायव्हर गाडी थांबवतो. गाडीतल्या हजार माणसांचा जीव अशा रीतीने एका माणसाच्या पायांवर अवलंबून असतो. त्या हजारांतल्या कोणाला त्याचे नाव ठाऊक नसते.

आणि त्याचा स्वतःचा जीव? ताशी १३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ३६ मीटर अंतर तोडते. कोळशाचे इंजिन दुरून ऐकू येई, धूर दिसे. विजेची गाडी वळणावर अंगावर येईपर्यंत कळत नाही. दुहेरी लाइनीवर एका बाजूची गाडी टाळायला माणूस दुसऱ्या बाजूला सरकतो आणि तिकडून दुसरी येते. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले आहे की, २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्युमुखी पडले आणि ८७०० जखमी झाले. त्याच काळात गाड्यांच्या अपघातांत दगावलेल्यांपेक्षा ही संख्या मोठी आहे. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो तो गाडीचा अपघात. गँगमन एकेकटा मरतो, म्हणून त्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत आटोपते.

माझे आजोबा आणि वडील दोघेही गँगमन. घरात पदवी घेणारा मी पहिला. आजोबा सांगत, लाइनीवर माणूस कापला गेला की त्याला गोळा करायला टोळीतल्याच दोघांना जावे लागे. जेवणाच्या सुटीच्या आधी असे काम निघाले तर फडक्यात बांधलेली भाकरी तशीच घरी परत येई. भाकरी परत आलेली दिसली की आजी काही न विचारता आंघोळीचे पाणी तापायला ठेवी. गावगाड्यात मेलेले ढोर ओढणे आणि मर्तिकाची वर्दी पोचवणे हे ज्यांच्या कपाळी लिहिले होते, त्यांचीच मुले-नातवंडे गाव सोडून रेल्वेत आली आणि येथेही मेलेल्याला उचलण्याचे काम त्यांच्याकडेच आले. हा योगायोग म्हणायचा काय?

तो योगायोग नव्हता हे बाबासाहेबांनी १९३८ सालीच सांगून ठेवले आहे. त्या वर्षी १२ आणि १३ फेब्रुवारीला मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा त्या भाषणातला विचार आपण सारे नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या कामाच्या वाटणीचा जो बारीक हिशोब मांडला होता तो सहसा कोणी सांगत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच जन्म काढतो. त्याला साधा पोर्टरदेखील होता येत नाही. का, तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. कारखान्यात तो मिस्त्री किंवा फोरमन होत नाही, कारण इतरांना त्याच्या हाताखाली काम करणे कमीपणाचे वाटते.

या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे. पोर्टर आणि गँगमन यांच्या कामात काय फरक होता? पोर्टर फलाटावर, छपराच्या सावलीत. गँगमन उघड्या लाइनीवर, गाडीच्या तोंडासमोर. दोघांच्याही कामाला फार शिक्षण लागत नव्हते. मग कोणी फलाटावर राहायचे आणि कोणी रुळावर जायचे हे कशाने ठरले? स्टेशनमास्तरच्या चुलीने आणि माठाने ठरले. घरातल्या विटाळाच्या कल्पनेतून घराबाहेरच्या मरणाची शक्यता वाटली गेली. बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे असे दाखवून दिले होते. रेल्वेकडे पाहताना त्यात आणखी एक शब्द घालावासा वाटतो: ती धोक्याचीही विभागणी आहे. मार्क्सच्या लेखानंतर ८५ वर्षांनी, रेल्वेच्याच एका जंक्शनवर, रेल्वेच्याच कामगारांपुढे, त्या भाकिताला मिळालेले हे उत्तर आहे. यंत्र आले, वाफ आली, वीज आली. पण यंत्रापुढे कोणी उभे राहायचे हे जुन्या वहीतूनच वाचले गेले.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत डबे जोडण्याचे आणि चालत्या गाडीच्या टपावरून धावत हाताने ब्रेक आवळण्याचे काम पुष्कळ काळ्या कामगारांकडे होते. इंजिनात कोळसा टाकणारे फायरमनही बरेचसे काळेच. बोटे तुटत, हात जात, माणसे दोन डब्यांमध्ये चिरडत. १८९३ साली तेथे स्वयंचलित जोडणी आणि हवेचे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला. काम सुरक्षित होत गेले, त्याचा मोबदला आणि मान वाढत गेला, तसतशी काळ्यांना तेथून हटवण्याची गोऱ्यांच्या संघटनांची मागणी जोर धरू लागली. १९०९ साली जॉर्जियात गोऱ्या फायरमनांनी यासाठीच संप केला. धोका होता तोवर जात किंवा वर्ण आड आला नाही. धोका गेल्यावर तो आड आला.

आपल्याकडे या धोक्याला घाणीचीही जोड मिळाली. डब्यातल्या संडासाची घाण सरळ रुळावर पडे आणि ती उचलायला झाडू-पाटी घेऊन माणूस जाई. कोणत्या जातीचा, हे सांगायला नको. २०१३ साली हाताने मैला उचलण्यास मनाई करणारा जो नवा कायदा संसदेने केला त्याच्या व्याख्येत रेल्वेचा रूळ शब्दशः घालावा लागला. २७ मार्च २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला ही प्रथा मुदत ठरवून संपवण्यास सांगितले. पुढे डब्यांना जैव-शौचालये बसली. तंत्र बदलले की प्रथा मोडू शकते हे त्यातून दिसले. ते बदलायला दीडशेहून अधिक वर्षे का लागली, याचे उत्तर तंत्रात सापडत नाही.

आतापर्यंत लाइनीवर काम करणाऱ्यांविषयी लिहिले. लाइनीकाठी राहणाऱ्यांची गोष्ट निराळी नाही. नागपुरात इंदोरा, पाचपावली, गड्डीगोदाम, अजनी या बाजूंना रुळाच्या जवळजवळ आपल्या वस्त्या आहेत. गिरणीत, रेल्वेत, मालधक्क्यावर काम करणाऱ्याला शहराने जी जागा ठेवली ती रुळाच्या कडेची होती, कारण धूर, आवाज आणि धोका असल्यामुळे ती दुसऱ्या कोणाला नको होती. वस्तीच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा, दवाखाना, बाजार. मध्ये रूळ. तो ओलांडणाऱ्याला १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम अनधिकार प्रवेश करणारा म्हणते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८९० च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यातही असे कलम होतेच. म्हणजे पाणी आणायला निघालेली बाई आणि शाळेत निघालेला पोर कायद्याच्या लेखी आधी गुन्हेगार आहेत आणि मेल्यावर मृत आहेत. काकोडकर समितीने म्हटले की अशा तऱ्हेने रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरतात, त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. आणि कोणत्याही सुसंस्कृत समाजाला हे हत्याकांड मान्य होऊ शकत नाही. सरकारी अहवालात 'हत्याकांड' हा शब्द सहसा येत नसतो. तो आला आणि विसरलाही गेला.

गड्डीगोदामला आज चार मजली वाहतूक आहे: खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. अभियंत्यांनी अभिमान बाळगावा असेच ते काम आहे. अडचण अशी की फाटक बंद करून पूल बांधताना हिशोब वाहनाचा होतो. पायी माणसाला तो चढून-उतरून जायचा तर मोठा वळसा पडतो, म्हणून तो भिंतीच्या भगदाडातून जातो. माझ्या वर्गातली कितीतरी मुले अशी रोज लाइन ओलांडून येतात. त्यांना शिस्त शिकवणारे फलक आहेत. त्यांना पादचारी पूल हवा आहे.

चौकीदार नसलेल्या फाटकांचाही इतिहास हेच सांगतो. फाटकावर माणूस नेमायचा की नाही हे ठरवायला तेथून जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येला रस्त्यावरच्या वाहनांच्या संख्येने गुणत. या गुणाकारात पायी चालणारा धरलेला नव्हता. गरीब खेड्याच्या वाटेवर वाहने कमी, म्हणून गुणाकार लहान, म्हणून फाटकावर माणूस नाही. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ अशाच एका फाटकावर लग्नाची मंडळी घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला रेल्वेगाडीची धडक बसली आणि पन्नासावर माणसे गेली. ब्रॉडगेज मार्गावरची चौकीदार नसलेली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपवण्यात आली. हे चांगले झाले. पण ज्या गोष्टीला पैसा आणि इच्छा लागत होती तिला तोवर नशीब आणि निष्काळजीपणा म्हटले जात होते, याची नोंद इतिहासात राहिली पाहिजे.

आणि मग ८ मे २०२० ची पहाट. करोनाच्या टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले वीस मजूर मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया भागातल्या आपल्या घराकडे निघाले. त्यांतले बहुतेक आदिवासी. रस्त्याने गेले तर पोलीस अडवतील म्हणून ते रुळाने चालत भुसावळकडे निघाले होते. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून रुळावर बसले आणि तेथेच झोपी गेले. प्रवासी गाड्या बंद असल्याने गाडी येणार नाही असे त्यांना वाटले. मालगाड्या चालू होत्या. तेलाच्या रिकाम्या टाक्या घेऊन आलेल्या गाडीखाली सोळा जण गेले. रुळावर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र देशाने पाहिले. आठवडाभराने स्थलांतरित मजुरांविषयीच्या अर्जाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयातून प्रश्न आला की, लोक रुळावर झोपले तर ते कोण कसे थांबवणार? प्रश्न झोपेविषयी विचारला गेला. रस्ता सोडून ते रुळावर का आले, हा त्याआधीचा प्रश्न आहे. आपल्या समाजाला तो नवा नाही. गावात ज्यांना मुख्य रस्त्याने जाण्याची बंदी होती त्यांनी नेहमीच बाजूची, काट्याकुट्याची, धोक्याची वाट धरलेली आहे.

आज परिस्थिती सगळीच १९३८ सालची आहे असे मी म्हणणार नाही. राखीव जागांमुळे आपली मुले स्टेशनमास्तर झाली, ड्रायव्हर झाली, अभियंते झाली. मनमाडच्या परिषदेतल्या गँगमनाला ते स्वप्नातही दिसले नसते. पण लाइनीवरचे काम आता मोठ्या प्रमाणात कंत्राटाकडे सरकते आहे. कंत्राटी मजूर मेला तर तो रेल्वेच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत मेला असे होत नाही. जी यादीच अपुरी आहे तिच्यावरून धोका कमी झाला की वाढला हे कसे ठरवायचे?

म्हणून आपण स्वतः काही नोंदी ठेवल्या पाहिजेत असे मला वाटते. दलित साहित्याने गावकुसाबाहेरचे जगणे शब्दांत आणले. रुळाकाठचे जगणे त्यात यायला हवे तेवढे आलेले नाही. कोणत्या टोळीत कोण होते, कोणत्या वस्तीतून आले, कोण कधी आणि कसे गेले, घरच्यांना काय मिळाले, हे सांगणारी पिढी अजून हयात आहे; दहा वर्षांनी असणार नाही. यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या काही मुलांना मी निवृत्त गँगमनांकडे वह्या घेऊन पाठवले. पहिला प्रश्न ठरलेला होता: तुमच्या टोळीत कोण कोण होते? एका म्हाताऱ्याने बोटे मोजत चौदा नावे सांगितली. त्यांतल्या तीन नावांपाशी तो थांबला आणि म्हणाला, "हा लाइनीवरच गेला." मुलांनी ती तीन नावे वहीत लिहून घेतली आहेत. आजवर ती दुसरीकडे कोठे लिहिलेली मला आढळली नाहीत.